केंद्रशासित मुंबईला मुख्यमंत्री आणला कुठून?

सकाळपासून तीच ती पर्यायी इतिहासाची गोष्ट जो तो पुढे ढकलतोय. 1956 ला मुंबई महाराष्ट्राला मिळालीच नाही, केंद्रशासित झाली, आणि गिरणगावातला एक तरुण कामगार पुढारी 1957 मध्ये तिचा पहिला मुख्यमंत्री झाला. शिवाजी पार्कावर शपथविधी, समोर माणसांचा समुद्र, म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांत पाणी. खाली तीनशे बदाम.

अहो, शपथ कसली घेतोय तो? विधानसभाच नाही तर मुख्यमंत्री कुठला?

1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने 'क' वर्गातली, म्हणजे केंद्राच्या देखरेखीखालची छोटी राज्यं मोडीत काढली आणि केंद्रशासित प्रदेश आणले. त्याच फटक्यात दिल्लीची विधानसभा गेली. चौधरी ब्रह्म प्रकाश 1952 ला दिल्लीचे पहिले मुख्यमंत्री झाले होते. 1956 नंतर ते पदच उरलं नाही, परत आलं थेट 1993 ला. 1963 च्या कायद्याने गोव्याला, पाँडिचेरीला, मणिपूरला विधानसभा मिळाल्या, दिल्लीला तेव्हाही नाही. आणि गोदी, गिरण्या, शेअर बाजार जिथे, त्या मुंबईला 1957 ला आमदार निवडू दिले असते? कुठल्याही जगात नाही, पर्यायीसुद्धा नाही.

त्या पोराची कारकीर्द लिहायचीच ना, मग वॉर्डापासून सुरू करा. 1948 पासून पालिकेत प्रौढ मतदान आलं, चाळीतल्या मताला किंमत आली, तेव्हा नगरसेवक तो होईलच. पुढचं लक्ष्य स्थायी समिती, कारण पैशाच्या नाड्या तिथे. ठरावीक रकमेपुढचं कंत्राट तिच्या मंजुरीशिवाय हलत नाही. महापौरपद सगळ्यात शेवटी, आणि तेही त्या काळी एका वर्षाचं. झगा मिळतो, मान मिळतो. कारभार मात्र 1888 च्या कायद्याने आयुक्ताच्या हातात, आणि आयुक्त नेमणार सरकार. केंद्रशासित मुंबईत ते सरकार म्हणजे दिल्ली! सभागृहात हा घसा फोडणार, आयुक्त मान डोलावून केबिनमध्ये जाणार. दुसरा दरवाजा लोकसभेचा. तिथे भाषण गाजेल, पण मुंबईतला एक शिपाईसुद्धा तो बदलू शकणार नाही.

बरं, गोष्ट आहे, कल्पनेला मोकळीक हवी. मान्य. संवाद झकास आहेत, तेही मान्य.

पण तो शपथविधी नाही पचत मला. 16 जानेवारी 1956 ला नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं आणि शहर पेटलं. गोळीबार झाले, माणसं मेली. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं ते याच प्रश्नावर. ही माणसं काय नुसत्या नकाशावरच्या रेषेसाठी भांडत होती? आपल्या शहराच्या कारभाराला दिल्लीचं कुलूप लागतंय, हे त्यांना दिसत होतं. आणि तुम्ही त्याच केंद्रशासित मुंबईत आपल्या माणसाला हारतुरे घालून मुख्यमंत्री करता, म्हणजे रस्त्यावर उतरलेले सगळे उगाच घाबरले होते, असंच झालं की! लेखकाच्या मनात ते नसेल, नसणारच. गिरणगावावर त्याचा जीव आहे, हे पानोपानी कळतं, म्हणून तर एवढं टाइप करतोय.

तेव्हा राग बाजूला ठेवून एक सुचवतो. पोराला मोठं करायचंय तर त्याला पाण्याच्या भांडणात उतरवा. विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव साष्टी बेटावर, म्हणजे मुंबईच्या घरातलेच. पण तानसा (1892) शहापूर तालुक्यात! तुमच्या त्या जगात ते परराज्य. वैतरणेचं पाणीही तिकडचंच. जलवाहिन्या राज्याची हद्द ओलांडून येणार, आणि कुठल्यातरी मे महिन्यात पलीकडचं सरकार म्हणणार, आधी मुंबई द्या, मग पाणी. महापौराला अधिकार नाही, आयुक्त दिल्लीला लिहिणार, दिल्ली महाराष्ट्राला लिहिणार, आणि लालबागच्या नळाला पहाटे चार वाजता रांग. शहापूरची माणसं मराठीच, मागणीही यानेच आयुष्यभर केलेली. ती बरोबर म्हणावी तर वॉर्डातल्या बायका रिकामे हंडे घेऊन दारात, चूक म्हणावी तर संयुक्त महाराष्ट्र समितीतले जुने साथी तोंड फिरवणार. त्या आठवड्यात पालिकेच्या सभागृहात तो उभा राहून काय बोलतो, ते लिहा.