मेक्सिकोच्या सीमाभागातील करवाढीबाबत खुलासा
मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर २०१४ मध्ये १६ टक्के मूल्यवर्धित कर नव्याने लादला गेला आणि वस्तू तेवढ्याच महागल्या, हा फिरत असलेला दावा चुकीचा आहे. तिथे आधीपासून ११ टक्के कर होता. १ जानेवारी २०१४ पासून तो उर्वरित देशाइतका झाला. मूळ किंमत तीच धरल्यास करासह १११ पेसोंची वस्तू ११६ पेसोंना, म्हणजे सुमारे साडेचार टक्के महाग झाली. तरीही झळ खरी होती, कारण स्युदाद हुआरेझ या मेक्सिकोच्या सीमेवरील शहरातला, अमेरिकेचा व्हिसा असलेला ग्राहक पूल ओलांडून अमेरिकेतील एल पासो शहरात सव्वाआठ टक्के विक्रीकरावर खरेदी करू शकतो. व्हिसा नसलेल्या गरिबाला ती वाट बंद आहे, आणि हीच बाब मला सर्वांत गंभीर वाटते. २०१९ मध्ये पात्र सीमावर्ती विक्रेत्यांसाठी मूल्यवर्धित कराचा दर ८ टक्क्यांवर आणण्यात आला.