‘स्टॅम्पएवढा लोगो’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार शेठ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या व्यापारी पार्ट्यांसमोर तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पैसे मोजलेत तुम्ही, बोलणार, एक स्टार देणार, ते ठीकच. पण तुम्ही जे लिहिलंय की ‘मेलखालचा लोगो स्टॅम्पएवढा करून दिला, वर अंधुक, ऐन बेदाण्याच्या सीझनमध्ये दोन दिवस फोटो गायब, विचारलं तर म्हणे सर्व्हर घरी आहे, सगळं घरगुती काम’, ते आता दुकानात यायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाईक वाचणार, आणि तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून इथंच लिहितोय, थोडं लांबेल, राग मानू नका.

आधी त्या स्टॅम्पचं बोलू. बाकी सगळं त्यातूनच झालंय.

मेलच्या खाली तुमचं नाव, फर्म, मोबाईल आणि त्याखाली लोगो येतो. तो मेलमध्ये नसतो, मेलमध्ये नुसती त्याची लिंक असते, मेल उघडला की फोटो माझ्या घरच्या सर्व्हरवरून, म्हणजे फाइली ठेवायच्या मशीनवरून, उतरतो. तो रुंदीला ३०० पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे ३०० ठिपके, दिसेल असा मी ठेवला. फाइल मात्र ६०० पिक्सेलची बनवली, कारण आताच्या मोबाईलच्या स्क्रीनवर दुप्पट ठेवलं तरच अक्षरांच्या कडा स्वच्छ येतात. वजन ४० केबी. यात माझा काही फायदा नव्हता, मोठी फाइल टाकायला मला उलट कमी काम पडलं असतं, नुसती उचलायची आणि टाकायची. मेल मोबाईलवर उघडणारा माणूस आधी तुमचा बेदाण्याचा दर बघणार, त्याला खाली अख्खा स्क्रीन भरून लोगो नको असतो. हे मी काउंटरवर तुम्हाला दाखवलेलं, माझ्याच मोबाईलवर, तुम्ही ‘बास, चांगलाय’ म्हणालात.

अंधुक म्हणता, त्याचंही ऐका. लोगो मागितला तेव्हा व्हॉट्सअॅपवर व्हिजिटिंग कार्डाचा फोटो आला, तोही कुणाकडून तरी फॉरवर्ड झालेला, कार्डाच्या कोपऱ्यावर कुणाचा तरी अंगठा. व्हॉट्सअॅप फोटो दाबून बारीक करूनच पुढं पाठवतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं मी लिहिलेलं, तो मेसेज अजून आहे, दोन निळ्या टिकांसकट. त्या फोटोत द्राक्षाच्या घडातले मणी एकमेकांत मिसळून हिरवा गोळा झालेला. मी कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, बसून एकेक मणी परत काढला, पानाच्या शिरा काढल्या, खालची बारीक ओळ वाचताच येत नव्हती म्हणून तुमच्या जुन्या बिलावरून बघून टाईप केली. याचा एक रुपया बिलात लावला नाही, शोधून बघा बिल.

आता ती संध्याकाळ. सणावाराला शुभेच्छांचा फोटो तुमचा तुम्हाला बदलता यावा म्हणून सर्व्हरवरच्या तुमच्या फोल्डरचा पासवर्ड दिलेला. तुमच्या पुतण्यानं लोगो काढून तिथं हिरव्या बेदाण्याचा फोटो टाकला, मोबाईलवरून थेट, ४००० बाय ३००० पिक्सेल, ६ एमबी. फोटो झकास होता, खोटं कशाला बोलू. पोरगं हुशार आहे पण त्याला वाटलं की मेलमध्ये फोटोचा कोपरा धरून ओढला, लहान दिसायला लागला, म्हणजे लहान झाला. तसं नसतं ओ. दिसायला लहान होतो, फाइल आहे तेवढीच राहते, समोरच्याच्या मोबाईलवर ६ एमबी उतरतातच. मार्केट यार्डात टेम्पोवर ताडपत्री आवळून बांधली म्हणून काट्यावर माल कमी भरत नाही, तुम्हाला मी काय सांगायचं.

आणि त्याच संध्याकाळी बेदाण्याच्या दराचा मेल ३०० पार्ट्यांना गेला. हिशोब तुम्हीच करा, व्यापारी माणूस आहात. ६ एमबी गुणिले ३०० म्हणजे १८०० एमबी. माझ्या लाइनला घरातून बाहेर जायचा स्पीड २० एमबीपीएस, त्यातला बी हा बिटचा असतो, बाइटचा नाही, ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ नं भागायचं, म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. १८०० ला अडीचनं भागा, ७२० सेकंद, १२ मिनिटं लाइन गच्च, तीही प्रत्येकानं मेल एकदाच उघडला आणि बाकी कुणी काहीच वापरलं नाही तर. आपला ४० केबीचा लोगो असता तर ३०० जणांचे मिळून १२ एमबी झाले असते, पाच सेकंदांत काम आटपलं असतं. जीमेल फोटो स्वतःच्या सर्व्हरमार्फत उचलतं, त्यानं थोडा भार हलका होतो, पण तुमच्या निम्म्या पार्ट्या कंपनीच्या मेलवर आहेत, हे तुम्हीच मला सांगितलेलं. त्याच लाइनवर एका क्लासचा रिझल्ट होता त्या दिवशी. त्या सरांनी मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

मी काय केलं ते तुमच्या रिव्ह्यूत आलंच नाही. मी त्याच रात्री तो बेदाण्याचा फोटो घेतला, ६०० पिक्सेलचा केला, ७० केबीवर आणला आणि त्याच नावानं त्याच जागी ठेवला. नाव तेच ठेवल्यामुळं आधी गेलेले मेल ज्यांनी नंतर उघडले त्यांनासुद्धा बारीक फोटोच गेला, तुम्हाला एकही मेल परत पाठवायला लागला नाही. म्हणजे ज्या साइजला तुम्ही स्टॅम्पएवढा म्हणता त्या साइजनंच उरलेली गाडी रुळावर आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र बंद होतं, ते मी नाकारत नाही. लाइट गेली. माझ्याकडं इन्व्हर्टर आहे, मशीन आणि राउटर त्यावरच असतात, ते चालूच होते, पंखा बंद करून मी ते चालवतो. पण गल्लीच्या टोकाला खांबावर इंटरनेटवाल्यांचा जो डबा आहे त्यातली बॅटरी उतरली, आणि ती माझ्या हातात नाही. लाइट आली, डबा चालू झाला, फोटो दिसायला लागला. म्हणजे दोन दिवस म्हणता ते एक संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची दुपार. त्यात तुम्ही दुबईच्या पार्टीचा जो स्क्रीनशॉट टाकलाय, लोगोच्या जागी रिकामा चौकोन, तो त्यांच्या आउटलुकचा, म्हणजे मेल बघायच्या सॉफ्टवेअरचा, आहे, आउटलुक बाहेरचे फोटो विचारल्याशिवाय उतरवत नाही, वर एक पट्टी येते तिथं क्लिक केलं की दिसतात. जगातल्या कुठल्याही महागड्या सर्व्हरवर ठेवला असता तरी तिथं चौकोनच दिसला असता.

मग लोगो मेलमध्येच का चिकटवला नाही, लिंकची भानगड कशाला, असंही तुम्ही विचारलंय. चिकटवला की तो प्रत्येक मेलबरोबर जातो, आणि मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांश फुगते, म्हणजे तुमचा ६ एमबीचा फोटो ८ एमबी होणार. त्यावर दराची पीडीएफ, मालाचे चार फोटो, जीमेलची मर्यादा २५ एमबीची, मेल जाणारच नाही.

आणि आता ते ‘घरगुती’. हे खरं लागलं मला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा माझं दुकान मारुती चौकाच्या बाजूला होतं. तुम्ही सांगलीचेच आहात, पुढचं सांगायला नको. मशीन, प्रिंटर, गिऱ्हाइकांच्या फाइली, सगळ्याचा चिखल झाला. तेव्हापासून सर्व्हर विश्रामबागला घरी वरच्या मजल्यावर ठेवलाय, आणि रोज रात्री त्याची कॉपी मिरजेला मेव्हण्याकडं जाते. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा एकाही गिऱ्हाइकाची एकही फाइल गेली नाही. घरी ठेवलं म्हणजे फुकट पडतं असंही नाही. इंटरनेटचे पत्ते कमी पडलेत, जुन्या पद्धतीचे सगळे मिळून जगात ४३० कोटीच्या आसपास, त्यामुळं कंपन्या बऱ्याच ठिकाणी अख्खी गल्ली एकाच पत्त्यामागं बसवतात, मग बाहेरच्या माणसाला तुमच्या घरातल्या मशीनपर्यंत येताच येत नाही. त्यासाठी वेगळा स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घ्यायला लागतो, त्याचे महिन्याला जादा पैसे मी भरतो. तुमच्याकडून वर्षाला १२०० घेतो, महिन्याला शंभर. यार्डात चहापाण्याला किती जातात ते मी विचारत नाही.

बदल करायचे तेवढे करतोय. फोल्डरला मर्यादा टाकलीय, १०० केबीच्या वरची फाइल आता घेतच नाही, मराठीत मेसेज येतो. ज्यांचे मेल शेकड्यानं जातात त्यांचे फोटो बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचं डोक्यात आहे, दिवाळीपर्यंत बघू कसं जमतंय, भाव थोडा वाढेल मग, ते आताच सांगून ठेवतो. साइजचा कागद काउंटरवर लावलाय. त्या खांबावरच्या डब्याची तक्रार केलीय, परत करीन.

एक स्टारचं तुमचं तुम्ही ठरवा. मात्र ‘पैसे वाचवायला लोगो बारीक केला’ हे वाक्य तेवढं बदलता आलं तर बघा, कारण ते खरं नाही आणि त्यावरून मला आत्तापर्यंत दोघांनी विचारलंय. बाकी लोगो आणखी धारदार हवा असेल तर ज्या प्रेसमध्ये तुमची कार्डं छापलीत त्यांच्याकडं कोरलची मूळ फाइल असणारच, सीडीआर म्हणून मागा, पेनड्राइव्हवर घ्या आणि पुतण्याला घेऊनच या. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो काढून नको. सोमवारी दुकान बंद, बाकी दिवस रात्री आठपर्यंत मी असतोच.