पिक्चर खराब नव्हता, आपल्याला मिळालेली कॉपी खराब होती

एक मेसेज सध्या सगळीकडं फिरतोय, मला एकट्या सांगलीतनं चौघांनी पाठवला. म्हणणं असं की जुन्या लो-बजेट हॉरर पिक्चरच्या फोरके (एकदम बारीक डिटेल दाखवणाऱ्या) डिस्क म्हणजे निव्वळ लूट, शूटिंगच स्वस्तातलं तर त्यात दिसणार काय, वर स्क्रीनभर दाणा (फिल्मवरचे वळवळणारे बारीक ठिपके), त्यापेक्षा एआयनं घरबसल्या भारी साफ होतं. उदाहरण दिलंय 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या जुन्या अमेरिकन झोंबी पिक्चरचं. हा पिक्चर मला जीव की प्राण आहे, म्हणून लिहितोय.

पहिलं, "स्वस्तातलं शूटिंग". बजेट कमी होतं हे खरंय, साधारण १ लाख १४ हजार डॉलर. पण १९६८ चा हा पिक्चर ३५ एमएम ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर शूट झालाय आणि तसल्या निगेटिव्हमध्ये (कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्ममध्ये) फोरके स्कॅन करण्याइतका डिटेल असतो. मग आपण बघितला तो एवढा भंगार का दिसायचा? तर पिक्चरचं आधीचं नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स', ते बदलताना टायटलच्या नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानं तेवढ्यावरनं पिक्चर पब्लिक डोमेनमध्ये गेला, म्हणजे त्यावर कुणाचाच हक्क उरला नाही. मग काय, ज्याला जी घासलेली प्रिंट मिळाली त्यानं ती छापून विकली, त्या कॉपीची कॉपी, तिची परत कॉपी, आणि प्रत्येक वेळी काळं अजून काळं, पांढरं अजून पांढरं होत गेलं. मी विश्रामबागला मित्राच्या घरी भाड्याच्या व्हीएचएसवर पहिल्यांदा बघितला तेव्हा तळघराच्या सीनला नुसते आवाज येत होते, माणूस काय दिसेना.

रिस्टोरेशन केलं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि फिल्म फाउंडेशननं, ते पण मूळ कॅमेरा निगेटिव्हवरनं. २०१६ ला ते दाखवलं, २०१८ ला क्रायटेरियन या डिस्क कंपनीनं त्याची ब्लू-रे काढली, फोरके डिस्क २०२२ ला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो स्वतः देखरेखीला होते. आता तळघरात भिंत दिसते, चेहरे दिसतात.

दुसरं, दाणा. अरे तो दाणा म्हणजेच चित्र आहे! ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चित्र बनतं तेच चांदीच्या बारीक कणांचं, ते पुसायला गेलं की सुरकुत्या, केस, कापडाचा पोत सगळं पुसलं जातं आणि माणसं मेणाची दिसायला लागतात. ओरखडे वेगळे, आमच्याकडं टॉकीजमध्ये "पाऊस पडतोय" म्हणायचे ते. ते काढलेच पाहिजेत आणि इथं काढलेत.

एआयचं म्हणाल तर काळ्या पडलेल्या कॉपीत जे उरलंच नाही ते ते अंदाजानं भरतं. ते डोळे त्या नटाचे नसतात.

काही कंपन्या दाणा पुसून मेणकट डिस्क विकतात, त्यावर चिडा, मीपण चिडतो. पण या पिक्चरला त्यात ओढू नका.

आणि शेवट आठवा. पिक्चर थांबतो आणि पेपरात छापल्यासारखे खरबरीत स्थिर फोटो येतात. जुन्या कॉपीत आख्खा पिक्चरच तसा दिसायचा त्यामुळं ते वेगळे जाणवायचेच नाहीत, आणि नवीन डिस्कवर दीड तास स्वच्छ चित्र बघून अचानक ते फोटो आले तेव्हा मला सोफ्यावरनं उठवेना.