डेबिट कार्ड म्हणजे रोकड नव्हे: एका फॉरवर्डला उत्तर

ऑगस्ट आला की हा मेसेज फिरायला लागतो. पुण्या-नाशकाकडची पोरं एमएस करायला अमेरिकेत उतरलेली असतात, पहिल्याच आठवड्यात बँकेत खातं उघडलेलं असतं, आणि दोन वर्षं आधी आलेला कुणीतरी दादा ग्रुपवर ज्ञान टाकतो. यंदा माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरंय ना?"

मेसेज थोडक्यात असा. डेबिट कार्ड म्हणजे खिशातली रोकड, खात्यात असतील तेवढेच जातात. अ‍ॅपवर 'अव्हेलेबल' दिसतंय तेवढं बिनधास्त खर्च करा. ओव्हरड्राफ्टला (खात्यात पैसे कमी असतानाही बँकेने व्यवहार भागवून त्यावर फी लावण्याला) एकदा 'नाही' म्हणून ठेवलं की फी लागूच शकत नाही. पेट्रोल पंपावर फक्त एक डॉलर अडकतो. होल्ड लवकर सुटत नाही कारण त्या पैशावर बँक व्याज खाते. आणि शेवटी, बहुधा नंतर कुणीतरी चिकटवलेलं: आता कायद्याने फी पाचच डॉलर झाली आहे.

यातली दोन विधानं अर्धी खरी आहेत. अर्धी खरी असल्यामुळेच ती जास्त महागात पडतात.

"डेबिट कार्ड म्हणजे रोकड"

हा समज आपण घरून घेऊन येतो, आणि तिथे तो बराचसा बरोबरही आहे. भारतात बचत खात्यात पैसे नसतील तर व्यवहार नाकारला जातो, विषय संपला. पेट्रोल पंपावर माणूस "झिरो बघा साहेब" म्हणतो, तेल भरतो, मग मशीन आणतो आणि झालं तेवढंच बिल मारतो. रक्कम आधी ठरते, कार्ड नंतर लागतं.

अमेरिकेत कार्डाचा व्यवहार दोन तुकड्यांत होतो. आधी दुकानदार बँकेला विचारतो, "एवढे आहेत का?" बँक हो म्हणते आणि तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवते. हा होल्ड. अ‍ॅपमध्ये तो 'पेंडिंग' म्हणून दिसतो. प्रत्यक्ष वसुली नंतर येते, कधी त्याच रात्री, कधी तीन दिवसांनी. तोवर पैसे खात्यातच असतात, फक्त त्यांना हात लावता येत नाही. शेअर बाजारात आयपीओचा अर्ज करताना एएसबीए सोयीखाली आपल्याच खात्यात रक्कम ब्लॉक होते ना, तसंच. फरक एवढाच, की आयपीओत ब्लॉक केल्यापेक्षा जास्त कधी कापलं जात नाही. इथे जातं. हॉटेलात ४८ डॉलरचं बिल झालं, कार्ड घासलं, होल्ड ४८ चा लागला. मग पावतीवर पेनाने दहा डॉलर टिप लिहून तुम्ही सही केली. वसुली ५८ ची येणार. मधल्या दोन दिवसांत तुमच्या अ‍ॅपला त्या दहा डॉलरचा पत्ताच नसतो.

"पंपावर एकच डॉलर अडकतो"

कधी कधी, हो. काही पंप फक्त एक डॉलरचा होल्ड टाकून कार्ड जिवंत आहे का तेवढंच बघतात. पण तुम्ही नळी हातात घेण्याआधी पंपाला कसं कळणार की तुम्ही २० डॉलरचं तेल भरणार की ९० चं? म्हणून बरेच पंप सरळ मोठी रक्कम रोखून धरतात. कार्ड कंपन्यांनी या होल्डची वरची मर्यादा २०२२ मध्ये १२५ वरून १७५ डॉलरवर नेली, तेव्हा तेल कडाडलं होतं. खरी रक्कम पोचली की होल्ड सुटतो, कधी तासा-दोन तासांत, कधी दोन-तीन दिवसांनी. ते पंपावर, मधल्या प्रोसेसरवर आणि तुमच्या बँकेवर अवलंबून.

आमच्या न्यू जर्सीत १९४९ पासून स्वतः तेल भरायला कायद्याने बंदी आहे, भरायला माणूस येतो. म्हणून एडिसनमध्ये नव्याने आलेल्यांना वाटतं, आपल्यासारखंच आहे की! नाही. तो माणूस तुमच्याकडून कार्ड आधी घेतो, पंपात घालतो, मग तेल सोडतो. होल्ड लागायचा तो लागतोच. होल्ड नको असेल तर "वीस डॉलर, कॅश" म्हणा. जिथे स्वतः भरायचं असतं तिथे आत काउंटरवर जाऊन ठरावीक रकमेचे पैसे आधी द्या.

आता आकडे मांडून बघू, कारण सगळी मेख इथे आहे. खात्यात १९० डॉलर. गुरुवारी संध्याकाळी ३८ डॉलरचं तेल भरलं, पंपाने १२५ रोखले. अ‍ॅपवर ६५ उरले. तिथूनच इंडियन ग्रोसरीत ५२ ची खरेदी. उरले १३. शुक्रवारी सकाळी विजेच्या बिलाचे ४० डॉलर आपोआप कापले जायचे होते, ते आले. पंपाचा होल्ड अजून सुटलेला नाही. १३ मध्ये ४० बसत नाहीत. बँकेने बिल भरलं आणि ३५ डॉलर फी लावली.

खरा खर्च किती? ३८, ५२ आणि ४०, म्हणजे १३०. पोरगा १९० पैकी १३० खर्चून बसलाय, स्वतःचे ६० डॉलर शिल्लक आहेत, आणि तरी ओव्हरड्राफ्ट. सोमवारी होल्ड सुटतो, अ‍ॅपवर २५ दिसतात, आणि तो डोकं खाजवत बसतो की गणित चुकलं कुठे. त्याचं गणित चुकलेलं नाही. बँक वेगळ्या आकड्यावर हिशेब करत होती.

सगळ्या बँका असं करतात असं नाही. काही जण खातेवहीतली शिल्लक धरतात, बरेच जण 'उपलब्ध' शिल्लक धरतात. कुठली धरणार ते खातं उघडताना दिलेल्या, कुणीही न वाचलेल्या करारात लिहिलेलं असतं. 'शिल्लक' या एका शब्दाच्या संदिग्धतेवरून अमेरिकेत बँकांवर आणि क्रेडिट युनियनवर (आपल्या पतसंस्थांसारख्या) कितीतरी दावे झाले आहेत.

"ओव्हरड्राफ्टला नाही म्हणा, मग फी लागूच शकत नाही"

दुसरं अर्धसत्य. नाही म्हणाच, मीही सगळ्यांना तेच सांगतो. फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या) २००९ च्या नियमानुसार, १ जुलै २०१० पासून, एटीएम आणि डेबिट कार्डाच्या एकवेळच्या व्यवहारावर ओव्हरड्राफ्ट फी लावायची तर बँकेला तुमचा होकार आधी घ्यावा लागतो. होकार नसेल तर फी नाही. होल्ड ४८ चा होता आणि वसुली ५८ ची येऊन खातं उणे गेलं, तरीही त्या व्यवहारावर फी नाही. चांगला नियम आहे.

पण त्याची हद्द बघा. चेक त्यात नाहीत. खाते क्रमांकावरून परस्पर कापली जाणारी वीजबिलं, विम्याचे हप्ते त्यात नाहीत. दर महिन्याला कार्डावर आपोआप लागणारी वर्गणीही नाही. वरच्या उदाहरणातली फी वीजबिलावर लागली होती, कार्डावर नाही. म्हणजे 'नाही' म्हणून ठेवलेल्या पोरालाही ती लागली असती. कार्डाचा होल्ड खड्डा खणतो आणि त्यात पडतो भलताच व्यवहार. घरभाड्याचा चेक दिलेला असेल तर हमखास तोच, कारण महिन्यातली सगळ्यात मोठी रक्कम ती असते आणि घरमालक तो कधी वटवेल याचा नेम नसतो. चेक परत गेला तर बँकेची फी कदाचित वाचेल, हल्ली अनेक मोठ्या बँकांनी चेक परतीची फी काढून टाकली आहे. पण घरमालक आपला वेगळा दंड लावतोच.

"अव्हेलेबल दिसतंय तेवढं खर्च करा"

हे वाक्य मला सगळ्यात खटकतं, कारण ते शहाणपणाचं वाटतं. 'अव्हेलेबल' म्हणजे खात्यातली रक्कम, वजा आत्तापर्यंत बँकेला माहीत झालेले होल्ड, वजा तुम्ही खात्यात भरलेल्या पण अजून न वटलेल्या चेकची बँकेने थांबवून ठेवलेली रक्कम. यात 'माहीत झालेले' हा शब्द महत्त्वाचा. तुम्ही लिहिलेला चेक घरमालकाच्या ड्रॉवरमध्ये असेपर्यंत बँकेला माहीत नसतो. टिप माहीत नसते. आणि होल्ड तर मुदत संपली की आपोआप गळूनही पडतो, वसुली आलेली नसली तरी! ऑनलाइन मागवलेली वस्तू आठवड्याने रवाना झाली, तर मधल्या काळात होल्ड सुटून ते पैसे परत 'अव्हेलेबल' दिसू लागतात. पोरगा खूश, खर्च करून मोकळा. मग वसुली येते.

याहून वाईट प्रकार एक आहे. कार्ड घासताना पैसे होते, बँकेने स्वतः हो म्हटलं, पण वसुली येईपर्यंत दुसऱ्याच कशाने तरी खातं उणे गेलं, आणि फी लागली त्या आधीच मंजूर झालेल्या व्यवहारावर. होकार देऊन ठेवलेल्यांना हा फटका बसायचा. ग्राहकाने करायचं काय? बँकेने हो म्हटल्यावरच तर कॉफी घेतली! सप्टेंबर २०२२ मध्ये कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या बँक-ग्राहकांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी संस्थेने रीजन्स बँकेला अशाच अनपेक्षित फीबद्दल ग्राहकांना १४ कोटी १० लाख डॉलर परत करायला लावले, वर ५ कोटींचा दंड. त्याच्या महिनाभरानंतर, ऑक्टोबरमध्ये, ब्युरोने सगळ्यांनाच सांगितलं की ग्राहकाला ज्याचा अंदाज येणं शक्य नाही अशी फी अन्याय्य ठरू शकते.

त्याआधीचा किस्सा तर व्यवहारांच्या क्रमाचा. दिवसभरातले व्यवहार मोठ्यापासून लहानापर्यंत लावले की खातं लवकर रिकामं होतं, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक चहा-सँडविचवर वेगळी फी लावता येते. वेल्स फार्गोच्या कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांनी याविरुद्ध दावा लावला, २०१० मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी २० कोटी ३० लाख डॉलर परत करायचा हुकूम दिला, आणि अपिलांच्या फेऱ्यांनंतरही तो टिकला.

"आता फी पाचच डॉलर"

नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ब्युरोने मोठ्या बँकांसाठी तसा नियम केला होता, तो ऑक्टोबर २०२५ पासून लागू व्हायचा होता. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, तो रद्द केला आणि मे २०२५ मध्ये त्या ठरावावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. काही बँकांनी मात्र आपणहून फी कमी केली आहे: कॅपिटल वन आणि सिटीने २०२२ मध्ये ती पूर्ण काढून टाकली, बँक ऑफ अमेरिकाने ३५ वरून १० वर आणली. नव्या मुलांनी खातं उघडताना फुकट मिळणाऱ्या टी-शर्टपेक्षा हे विचारावं.

"होल्डच्या पैशावर बँक व्याज खाते"

चेकिंग खात्यावर व्याज असतंच किती, की बँक त्यासाठी पंपाचे १२५ डॉलर दोन दिवस दाबून ठेवेल? होल्ड मागतो दुकानदार, बँक तो फक्त लावते. अर्थात बँक अगदीच बिचारी नाही. तिचा फायदा व्याजात नसून त्या ३५ डॉलरमध्ये असतो.

हे मी माझ्या पहिल्या वर्षी शिकलो. एका मोटेलात दोन रात्री राहिलो. खोलीचे कर धरून १७६, वर अनामत १००, असे २७६ त्यांनी आल्याआल्या डेबिट कार्डावर रोखले. निघताना काउंटरवरच्या माणसाने जुना होल्डच पुढे नेऊन त्यावर वसुली करायची, ते सोडून नव्याने १७६ चा व्यवहार केला. दोन्हींची सांगड लागली नाही, आणि १७६ च्या मुक्कामापायी ४५२ डॉलर अडकले. तिसऱ्या दिवशी भाड्याचा चेक आला.

बँकेला फोन केला, ती म्हणाली मोटेलला सांगा. मोटेल म्हणालं, आम्ही घेतलेच नाहीत, बँकेला सांगा. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. अखेर बँकेतल्या एका बाईंनी नेमकं काय मागायचं ते सांगितलं: मोटेलकडून मंजुरीचा कोड आणि 'हा होल्ड सोडा' असं त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी, बँकेला फॅक्स. मोटेलच्या मालकीणबाई गुजराती निघाल्या. "बेटा, पहेले बोलना था," म्हणाल्या आणि दहा मिनिटांत फॅक्स गेला. फी बँकेने परत केली, 'एकदाच' असं बजावून. भाच्याला मी त्या बाईंनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलंय, आणि हॉटेल किंवा गाडी भाड्याने घेताना माझं क्रेडिट कार्ड माग म्हणून सांगितलंय.