नव्या प्राणिसंग्रहालयाचं स्वप्न कसं पाहावं

सिद्धार्थ उद्यानाच्या प्राणिसंग्रहालयातले वाघ शहराच्या वेशीवरच्या मिटमिट्याला जाणार, हे छत्रपती संभाजीनगरातल्या पोराटोरांना आता पाठ झालंय. २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने जागा अपुरी, सोयी अपुऱ्या म्हणत मान्यताच काढून घेतली. मग धावाधाव झाली, मुदत मिळाली, मिटमिट्याच्या १०० एकरांचे आराखडे झाले, कुदळही मारून झाली, आणि तेव्हापासून तारखा मागेपुढे होत राहिल्या. या मधल्या काळात जागरूक नागरिक म्हणून तुमच्या वाट्याला एकच काम येतं. तिथे काय काय असावं याची स्वप्नं पाहायची. याला निविदा लागत नाही, अनामत रक्कम भरावी लागत नाही, आणि पानटपरीपासून मंत्रालयापर्यंत हे सगळ्यांना जमतं. तुम्हालाही जमेल. फक्त काही पथ्यं पाळा.

सुरुवात प्राण्यांपासून अजिबात करू नका. आधी कमान ठरवा. कमानीवर वाघाचा जबडा असावा की हत्तीची सोंड, यावर दोन बैठका सहज निघतात. माझं मत विचाराल तर हत्तीच घ्या. खरा हत्ती तसाही मिळणार नाही. प्राण्यांच्या बागांमधले हत्ती हलवा, असं प्राधिकरणाने २००९ मध्येच सांगून ठेवलंय आणि आपल्या लक्ष्मी-सरस्वती केव्हाच विशाखापट्टणमला गेल्या, म्हणजे एका बागेतून दुसऱ्या, जरा ऐसपैस बागेत. सिमेंटचा हत्ती मात्र सगळ्या नियमांत बसतो. त्याला चारा लागत नाही, तो माजावर येत नाही, आणि त्याच्या पाठीवर लोकप्रतिनिधींचं नाव दोन्ही बाजूंनी लिहिता येतं.

कमान झाली की पेंग्विन. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि त्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या एकाही नगरपालिकेचं स्वप्न पेंग्विनशिवाय पुरं झालेलं नाही. तुमच्या बैठकीत कोणीतरी उठून सांगेल की हे पेंग्विन पेरू-चिलीच्या खडकाळ किनाऱ्यावरचे असतात, बर्फाशी त्यांचा काही संबंध नाही. त्याला खाली बसवा. पेंग्विन म्हटला की बर्फ हवा, मग तो थर्माकोलचा का असेना. आणि खर्चाचा मुद्दा निघालाच तर एवढंच सांगा की पेंग्विन आल्यावर, २०१७ मध्ये, राणीच्या बागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झालं. मिटमिट्याच्या उन्हाळ्यात एसीचं बिल किती येईल, हा प्रश्न पुढच्या आयुक्तांचा.

पाणघोडाही मागा. बिचारा दिवसभर पाण्यात असतो, म्हणजे दिसायला बरा. त्याचे बाकीचे विधीही तो पाण्यातच उरकतो आणि शेपटीने ते चहूकडे उडवतो, त्यामुळे हौद वरचेवर रिकामा करून भरावा लागतो. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे हे ऐकून एखादी बाई पदर खोचून उभी राहील आणि विचारेल, ‘आमच्या ड्रमात नाही अन् त्याच्या हौदात कुठून?’ घाबरू नका. म्हणा, जायकवाडी. पुन्हा विचारलं तर म्हणा, समांतर जलवाहिनी. तरी ऐकेना तर सतराव्या शतकात जा. मलिक अंबरने जमिनीखालून नहर खणून अख्ख्या खडकीला, म्हणजे याच शहराला, पाणी पाजलं होतं, हे अभिमानाने सांगा. त्याने ते सल्लागार न नेमता कसं केलं, तेवढं सांगू नका.

सल्लागारांवरून आठवलं, अभ्यास दौरा राहिला. तो सिंगापूरला. मंडाईला जा, नाइट सफारी बघा, ट्राममध्ये बसून फोटो काढा. सिंगापूरकरांनी आपलं जुरोंगचं पक्षी उद्यान जानेवारी २०२३ मध्ये बंद केलं आणि मे महिन्यात हजारो पक्ष्यांसकट मंडाईच्या नव्या जागेत उघडलंसुद्धा. परत आल्यावर अहवालात यातलं काय घ्यायचं? ट्राम. जानेवारी ते मे हा भाग आपल्या हवामानाला मानवत नाही, असं टिपणीत लिहून मोकळे व्हा.

आता निवासाची कल्पना. तुमचं डोकं इथे खरं चालणार आहे. टीव्हीवर जे जे जंगल पाहिलंय ते सगळं मिटमिट्याच्या मुरमाड जमिनीवर उतरवा. फायबरच्या वेली, सिमेंटचे वड, मोटरवर चालणारा धबधबा आणि त्यामागे ॲमेझॉनच्या पक्ष्यांचा आवाज स्पीकरवर. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. तिथे आधीपासून जे आहे ते दाखवण्याचा विचारही मनात आणू नका. म्हणजे माळरान. कुसळी गवत, हिवर, बोरी, बाभळी, उन्हाळ्यात करडं होणारं आणि पहिल्या दोन पावसांत हिरवं होणारं. या माळाचे मालक म्हणजे लांडगा, तरस, कोल्हा, खोकड, काळवीट, साळिंदर. यांच्यासाठी फायबर लागत नाही, एसी लागत नाही, पाणी बेताचं लागतं. लांडग्यांच्या एखाद्या कळपाला पाच-सहा एकर माळ तसाच राखून दिला, दोन-चार बिळं, एक पाणवठा, आडोशाला उंच गवत, की झालं. आणि नेमकी हीच अडचण आहे. ‘झालं’ म्हटल्यावर निविदा कशाची काढायची? शिवाय लोक म्हणतील, लांडगं बघायला पैसे कशाला, आमच्या मामाच्या वावरात फुकट दिसतात. मामाच्या वावरात लांडगं किती वर्षांपूर्वी शेवटचं दिसलं, हे कोणी मामाला विचारत नाही.

या बाबतीत वाघांनीही आपला बराच अपमान केलाय. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ २०२१ मध्ये चालत चालत आपल्या गौताळा अभयारण्यात पोचला. कित्येक दशकांनी तिथे वाघ दिसला. ना कमान, ना कुदळ, ना उद्घाटन. अशा स्वयंस्फूर्त स्थलांतराचा उल्लेख बैठकीत करू नये, नाहीतर कोणीतरी विचारेल की मग आपल्याला इतकी वर्षं का लागतायत.

पांढरा वाघ मात्र हवाच. आज जगभरच्या पिंजऱ्यांत असलेले जवळजवळ सगळे पांढरे वाघ १९५१ मध्ये रेवा संस्थानात पकडलेल्या मोहन नावाच्या एका बछड्याचे वंशज आहेत, म्हणजे भाऊबंदकी इतकी दाट की कित्येकांचे डोळे तिरळे. प्राणिशास्त्रज्ञ म्हणतात, ही काही वेगळी जात नाही, यांची पैदास करून जंगलाचा काडीचा फायदा नाही. पण शास्त्रज्ञ तिकीट काढून येत नाहीत. शिवाय वाघ हे आपलं चलन आहे, हे विसरू नका. पाणी, रस्ते, कचरा यांत शहर मागे असेल, वाघांच्या बाळंतपणात नाही. २०२० मध्ये आपण शक्ती आणि करिश्मा ही जोडी राणीच्या बागेला दिली आणि बदल्यात चितळ आणि चित्रबलाक घेतले. व्यवहार कोणाला महागात पडला हे ज्याने त्याने ठरवावं. मुंबईशी केलेल्या व्यवहारांत मराठवाड्याला हिशेब विचारायची सवय नाही.

बछडे झाले की नावं ठेवायची. याची तयारी आत्ताच करा, कारण नव्या जागेतलं हेच एक काम वेळेवर होणार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सिद्धार्थ उद्यानातल्या तीन बछड्यांचं बारसं मंत्र्यांच्या हस्ते चिठ्ठ्या काढून झालं. एका चिठ्ठीत ‘आदित्य’ निघालं. ते अर्थातच परत गेलं आणि बछडा ‘कान्हा’ झाला. तेव्हा चिठ्ठ्या टाकण्याआधी राज्यातल्या सर्व पक्षांच्या सर्व पिढ्यांची नावं वगळून एक यादी तयार ठेवा. ढग, डोंगर, नदी, फळं चालतील. कमळ, घड्याळ, मशाल टाळा. धनुष्य तर अजिबातच नको.

बाहेरच्या पाहुण्यांना आराखडा दाखवताना वाघाचं चित्र कसं असावं, हेही सांगून ठेवतो. वाघ धबधब्यासमोर, भर दुपारी, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा. काचेच्या या बाजूला आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी, चौघंही गोरी. सल्लागारांच्या चित्रांत मराठवाड्यातली माणसं येत नाहीत. चित्रात मागची बाजू कधी काढायची नाही. मागच्या बाजूला नाइट हाऊस असतं. संध्याकाळी वाघ आत घेतात आणि सकाळी सोडतात, म्हणजे दिवसातले निम्म्याहून जास्त तास त्याचा संसार तिथेच. प्राधिकरणाच्या मापात वाघाच्या जोडीला बाहेर किमान १,००० चौरस मीटर आणि आत प्रत्येकाला २.७५ बाय १.८० मीटरची खोली. तुम्ही बाहेरच्या हजारात धबधबा रंगवताय, तो आतल्या पाच चौरस मीटरांत कूस बदलतोय.

पाचच्या सुमाराला त्या बाजूला काय चालतं बघा. (बघू देणार नाहीत, आणि न देणंच बरोबर आहे.) घमेल्यात हाडासकट रेड्याचं मांस येतं, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर वाघाच्या पानातही गाय-बैल वाढता येत नाही. किपर आतल्या कुलपाला हात लावतो, मग बाहेरच्या, मग पुन्हा आतल्या. वाघाला नावाने हाक मारतो, मंत्र्यांनी ठेवलेल्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या ठेवणीतल्या. साखळी ओढली की सरकता दरवाजा करकरत वर जातो, वाघ आत येतो, दरवाजा खाली. मग वही. किती दिलं, किती खाल्लं, किती टाकलं, विष्ठा कशी होती. आठवड्यातून एक दिवस घमेलं येत नाही. मांसाहारी प्राण्यांना बहुतेक ठिकाणी असा एक उपास पाळतात, फक्त साबुदाणा मिळत नाही. त्या खोलीचा उतार कुठे आहे, धुतलेलं पाणी कुठे जातं, साखळीची कप्पी गंजली तर भर पावसात कोण दुरुस्त करतं, किपर कायम आहे की कंत्राटी, त्याचा पगार किती महिने थकलाय, हे प्रश्न उद्घाटनाच्या पत्रिकेवर मावत नाहीत. तेव्हा स्वप्नातही आणू नका.

पुढे, काचेपाशी, तुमचं राज्य. वाघ दुपारी झोपणारच. उन्हाळ्यात तुम्हीही झोपता. पण तुम्ही तिकीट काढलंय. काच ठोका, शिट्ट्या मारा, कुरकुऱ्यांचं पाकीट फोडून त्याचा आवाज करा. ‘पैसे घेऊन झोपलेला वाघ दाखवायलेत!’ असं शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा. प्राण्याला छेडणं, खायला घालणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८ जे कलमाखाली गुन्हा आहे, असा एक बोर्ड जवळच असेल. त्याला टेकून सेल्फी चांगला येतो.

काच नको असेल तर खंदक करा. हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकने १९०७ मध्ये गजांऐवजी खंदक खणून प्राणी मोकळे असल्याचा भास निर्माण केला आणि जगभर त्याची वाहवा झाली. (हाच गृहस्थ त्याआधी दूरदेशीची माणसंही तिकीट लावून दाखवत असे, ते चरित्रात हळूच सांगतात.) पण खंदकासाठी आपण हॅम्बुर्गला का जावं? मिटमिट्यावरून तोच रस्ता पुढे देवगिरीला जातो. नाहीतरी या रस्त्याला स्थलांतराची परंपरा आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने अख्खी राजधानी दिल्लीहून उचलून याच बाजूला आणली होती. त्याने काही वर्षांत निर्णय फिरवला, हा भाग सोडला तर नियोजन उत्तम होतं, आणि ते कमी वेळात झालं होतं हे तर कोणीच नाकारत नाही.

मिटमिट्याच्या गावकऱ्यांशी मात्र जरा जपून बोला. २०१८ मध्ये नारेगावचा कचरा डेपो बंद पडला आणि मार्चमध्ये शहराचा कचरा त्यांच्याकडे निघाला, तेव्हा गाड्यांचं स्वागत दगडांनी झालं होतं. महापालिकेची गाडी दिसली की तिथल्या म्हाताऱ्या अजून मागे काय भरलंय ते आधी बघतात. वाघ आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटेल.

उरली जुनी जागा. वाघ गेल्यावर मध्यवर्ती बसस्थानकाजवळची, शहराच्या ऐन मध्यावरची ती एवढी मोकळी जमीन, म्हातारी झाडं, रिकामे पिंजरे. यावरची स्वप्नं तुमच्या आधीच दुसऱ्यांनी पाहून ठेवली असणार, तेव्हा फार मागू नका. झाडांचं नाव काढू नका, आपोआप कमी होतील. तुमच्यापुरतं पार्किंग मागून ठेवा. मिटमिट्याला वाघ बघायला जाणाऱ्यांना गाड्या कुठेतरी लावाव्याच लागतील ना.