तुमच्या लॅपटॉपवर सगळ्यात कमी काम तुमचंच चालतं

"लॅपटॉप फार स्लो झालाय रे, नवा कुठला घेऊ?" हा मेसेज ज्याला नेहमी येतो, त्याला नातेवाईक आणि मित्रमंडळींनी हार्डवेअर तज्ज्ञ म्हणून बिनविरोध निवडून दिलेलं असतं. त्या पदावर मी बरीच वर्षं आहे. राजीनामा कुणी स्वीकारत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्या वेळी लिंक चिकटवता येईल.

माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: थांबा, इतक्यात घेऊ नका. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. दुसरं काहीही न करता दोन मिनिटं त्याच्याकडे बघत बसा.

तुम्ही अजून एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही. तरी तिथे कोण कोण कामाला लागलंय बघा. कधीकाळी एकाच मीटिंगसाठी टाकलेलं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप. गाण्यांचं अ‍ॅप, गाणी बंद असताना. तीन-चार वेगवेगळे अपडेटर, जे आपापल्या कंपनीला सारखे विचारत असतात, "काही नवीन आलंय का?" लॅपटॉप बनवणाऱ्याने स्वतःहून आत बसवलेला एक 'असिस्टंट', ज्याने आजवर कुणालाच असिस्ट केलेलं नाही. आणि मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस, जो आता व्हायरस पकडत नाही, फक्त पैसे मागतो. या सगळ्यांनी तुमच्या मशीनवर बिऱ्हाड थाटलंय, आणि नवा लॅपटॉप घेतलात तरी यातले निम्मे तुमच्या आधीच तिथे येऊन बसलेले असतील.

त्याच खिडकीत 'स्टार्टअप अ‍ॅप्स' नावाचा भाग आहे. तिथे जाऊन नको त्या नावांवर 'डिसेबल' करा. त्यातलं काही डिलीट होत नाही. मशीन सुरू होताना ते आपणहून उठत नाही, इतकंच. तुम्ही बोलावलंत की येतं. एवढ्याने अर्ध्या लोकांची तक्रार मिटते.

उरलेल्या अर्ध्यांच्या टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' हा रकाना शंभर टक्क्यांवर लाल झालेला असतो. म्हणजे आत अजून फिरणारी हार्ड डिस्क आहे. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा फिरत फिरत सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय सुईला सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. हिशेब केला तर अशा डिस्कवर इकडून तिकडून विखुरलेल्या नोंदी सेकंदाला साधारण शंभरच्या आतच वाचून होतात. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे तिथे हाच आकडा हजारोंत जातो. प्रोसेसर बिचारा ठीक असतो, तो फक्त डिस्कची वाट बघत बसलेला असतो. जुन्या मशीनमध्ये एसएसडी बसवण्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याच खर्चाने पडत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

बाकी एसएसडीच्या खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांनी भुलू नका. साटा या जुन्या जोडणीवाल्या एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास, एनव्हीएमई या नव्या जोडणीवाल्या चांगल्या एसएसडीचा ७,००० पर्यंत. ऐकायला बारा-तेरा पट वाटतं. पण तो वेग एकच मोठी फाइल सलग वाचताना मिळतो. आपलं रोजचं काम म्हणजे बारीकसारीक शेकडो फायली, आणि तिथे दोघांतलं अंतर डोळ्यांना जेमतेम जाणवतं. (आणि हो, १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते म्हणून कुणी तुम्हाला फसवलेलं नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने. या एका प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन मी थकलोय.)

मशीन उघडायचंच झालं तर स्क्रू काढताना ते कागदावर ज्या जागचे त्याच जागी मांडून ठेवा. सगळे सारखे दिसतात, पण नसतात. बिजागरांजवळचे बहुधा लांब, पुढच्या कडेचे आखूड. लांब स्क्रू आखूड जागी पिळलात तर वर की-बोर्डजवळ टेंगूळ येतं. मग एखादं बाद झालेलं प्लास्टिकचं कार्ड फटीतून फिरवायचं, खिट्ट खिट्ट करत क्लिपा सुटत जातात. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा. मग पंख्याकडे बघा. पंख्याची हवा तांब्याच्या बारीक पात्यांतून बाहेर पडते, आणि पंखा नि पाती यांच्यामधल्या फटीत धूळ साचून साचून अक्षरशः घोंगडी विणली गेलेली असते. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही, चिमट्याने उचलावी लागते. डब्यातल्या दाबलेल्या हवेचा फवारा मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. ही घोंगडी निघाली की मशीन थंड राहतं. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग स्वतःच उतरवतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. 'उन्हाळ्यात जास्तच स्लो होतो' या तक्रारीचं मूळ इथे असतं.

रॅमची गोष्ट मात्र वेगळी, आणि सध्या जरा गंभीरच आहे. पूर्वी मागचं झाकण उघडलं, एक पट्टी काढली, दुसरी घातली, की झालं. आता पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवून येते. घेताना ८ जीबी घेतलीत तर जन्मभर ८ जीबी. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. ४ जीबीवर ते सुरू होतं एवढाच त्याचा अर्थ. माझं मत विचाराल तर डकवलेली रॅम असेल तर १६ च्या खाली जाऊच नका, प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल.

त्यात ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की 'क्रुशल' या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा आपण गुंडाळतोय. जवळपास तीस वर्षं जुनं नाव. माझ्यासारख्यांनी डोळे मिटून ज्या पट्ट्या घ्यायला सांगितल्या, त्यांतलं एक. कारण त्यांनी लपवलेलं नाही: एआयच्या डेटा सेंटरांची मागणी. जगातली बहुतांश रॅम तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या चिपांना लागणारी एचबीएम मेमरी तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमपेक्षा कितीतरी जास्त सिलिकॉन खाते. कारखाने तेच, चिपा कापायच्या सिलिकॉनच्या चकत्या तेवढ्याच, मग तुमच्या-माझ्या वाट्याला काय उरणार? ज्या चॅटबॉटला आपण 'लॅपटॉप कुठला घेऊ' विचारतो, त्याच्यापायीच लॅपटॉप महाग होतोय.

आणि अशा वेळी चालती मशीन्स भंगारात काढायला लोकांना भाग पाडलं जातंय, याचा मला खरा राग आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला घेतलेलं, सातव्या पिढीचं, एसएसडी आणि १६ जीबी रॅम असलेलं ठणठणीत मशीन कागदोपत्री बाद. सुरक्षेचा मुद्दा खोटा आहे असं नाही म्हणत मी. टीपीएम उपयोगाची गोष्ट आहे. पण घरी पत्रं टाइप करणाऱ्या, सिनेमे बघणाऱ्या माणसाचं मशीन फेकून द्यावं इतकी ती मोठी नाही. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, त्यात नाव नोंदवा. त्यानंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा. फक्त ब्राउझरपुरतं मशीन असेल तर घरातल्या थोरामोठ्यांना फरक कळतसुद्धा नाही, स्वानुभव.

नव्या मशीनमध्ये त्या बदल्यात काय मिळतं? कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या चॅटबॉटचं बटण. १९९४ मध्ये विंडोजचं बटण आलं, त्यानंतर २०२४ मध्ये हे. बऱ्याच लॅपटॉपांवर ते उजव्या कंट्रोलच्या जागेवर बसवलंय, म्हणजे उजव्या हाताने कंट्रोल दाबणारे माझ्यासारखे लोक दिवसातून कितीदा तरी नको असलेल्या गप्पांची खिडकी उघडतात आणि बंद करतात. शिवाय 'कोपायलट प्लस' असं नाव लावायचं तर आत एनपीयू, म्हणजे एआयच्या कामांसाठीचा वेगळा प्रोसेसर हवा, सेकंदाला ४० लाख कोटी गणितं करणारा. करू देत. पण विकत घेणाऱ्याला विचारा की तुझा एनपीयू आज दिवसभरात काय करत होता, तर उत्तर नाही. मे २०२४ मध्ये त्यासाठी 'रिकॉल' नावाची सोय जाहीर झाली होती: दर काही सेकंदांनी तुमच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा. लोकांनी एवढा गदारोळ केला की ती पुढे ढकलावी लागली आणि 'तुम्ही हो म्हणालात तरच' अशी करावी लागली. बघा, ओरडल्याने फरक पडतो.

आता ब्राउझर. टास्क मॅनेजरमध्ये रॅमच्या रकान्यात पहिला नंबर बहुधा याचाच असतो, आणि लोक शिव्या ब्राउझरला देतात. खरा खर्च आतल्या पानांचा असतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. हजार शब्दांचा लेख धरला तरी सगळा मिळून २० किलोबाइटच्या आसपास. तोच लेख एखाद्या बातम्यांच्या साइटवर उघडलात तर कित्येक मेगाबाइट उतरतात. बाकीचं काय आहे? जाहिराती, त्या जाहिराती मोजणाऱ्या स्क्रिप्ट, तुम्ही किती खाली सरकलात ते टिपणाऱ्या स्क्रिप्ट. पान उघडता उघडता तुम्हाला कुठली जाहिरात दाखवायची याचा लिलाव होतो, आणि त्या लिलावाचं बरंचसं काम तुमचाच प्रोसेसर करतो, तुमच्याच बॅटरीवर.

आणि मग ते व्हायचंच. तुम्ही 'पुढे वाचा' वर बोट नेता, तेवढ्यात वर कुठेतरी जाहिरात येऊन बसते, सगळं पान चार बोटं खाली सरकतं, आणि तुमचं बोट नेमकं जाहिरातीवर पडतं. या सरकण्याचं गूगलने २०२० पासून चक्क मोजमाप ठेवलंय. त्याचा आकडा ०.१ च्या आत असला तर पान चांगलं समजतात. म्हणजे दुखणं सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्या चुकून पडलेल्या क्लिकचे पैसे कुणालातरी मिळतात, म्हणून औषध कुणी घेत नाही.

कुकी, म्हणजे तुमची ओळख ठेवायला साइट तुमच्या ब्राउझरमध्ये टाकते ती चिठ्ठी. तिची परवानगी मागणाऱ्या चौकटीबद्दल तर काय बोलावं. 'सगळं स्वीकारा' हे बटण गडद निळं, हातभर रुंद. नकार द्यायचा असेल तर राखाडी अक्षरांत 'पसंती व्यवस्थापित करा'. तिथे गेलात की यादी, यादीत खटके, आणि शेजारी 'वैध हितसंबंध' नावाचा दुसरा कप्पा, ज्यात सगळे खटके आधीच चालू. एकेक बंद करत खाली पोचलात की पुन्हा मोठं बटण, 'सगळं स्वीकारा', आणि बारीक अक्षरांत 'निवड जतन करा'. ही रचना कुणीतरी बसून, विचार करून केलेली आहे. फ्रान्सच्या सीएनआयएल या खासगी माहितीच्या संरक्षणावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणावरून गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोकला होता: स्वीकारायला एक क्लिक, नाकारायला अनेक, हे चालणार नाही म्हणून. (ही पोस्ट मी फेसबुकवरच लिहितोय, कल्पना आहे.)

गंमत म्हणजे यावर साधा उपाय कधीचाच सुचला होता. 'डू नॉट ट्रॅक'. ब्राउझरमध्ये एकदाच सांगायचं की माझा माग काढू नका, आणि ब्राउझर प्रत्येक साइटला ते कळवणार. २०११ मध्ये फायरफॉक्समध्ये ते आलंही. पण पाळायची सक्ती कुणावरच नव्हती, त्यामुळे जवळपास कुणी पाळलं नाही. २०१९ मध्ये त्याचे नियम ठरवणारा गटच बंद झाला, आणि २०२५ मध्ये खुद्द फायरफॉक्सने ते बटण काढून टाकलं. एका बटणात होणारं काम शेवटी प्रत्येक साइटवर वेगळ्या चौकटीत जाऊन बसलं.

म्हणून जाहिराती रोखणारं एक्स्टेंशन टाका. माझ्या मते जुन्या मशीनसाठी एसएसडीनंतरची सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि फुकट. क्रोमने नियम बदलल्यापासून तिथे यूब्लॉक ओरिजिन हे असं एक नावाजलेलं एक्स्टेंशन पूर्वीसारखं चालत नाही, त्याचं 'लाइट' रूप घ्यावं लागतं. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतं. कुणी म्हणेल हे बेकायदेशीर किंवा धोक्याचं तर नाही ना. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना स्वतःहून सल्ला दिलाय की इंटरनेटवर शोधताना अ‍ॅड ब्लॉकर वापरा, कारण सर्चच्या वरच्या जाहिरातींत बँकांच्या आणि सॉफ्टवेअरच्या नकली साइट घुसतात. ज्या दोन-चार साइट तुम्ही रोज आवडीने वाचता, त्यांच्यासाठी मात्र तो बंद ठेवा. त्यांनाही सर्व्हरचं भाडं भरायचं असतं.