थंड की शांत? लिक्विड कूलिंगविषयीच्या आक्षेपाला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. एएमडी कंपनीच्या रायझन ७ ७७०० या संगणकाच्या प्रोसेसरसाठी चांगला सिंगल टॉवर एअर कूलर (धातूच्या पत्र्यांचा एकच मनोरा आणि पंखा असलेला) पुरतो, आणि पूर्ण भाराखाली तापमान ८० ते ८५ अंशांवर गेले तरी काळजीचे कारण नाही, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत: हा सल्ला नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणार नाही, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर (पंपाने द्रव फिरवून तीन पंख्यांच्या रेडिएटरमधून उष्णता बाहेर टाकणारा) घेतला की उष्णता आणि आवाज हे दोन्ही प्रश्न एकदमच मिटतात, आणि डेसिबलचे आकडे न देता मी शांततेविषयी लिहिले. आपण स्वतः रायझन ९ ७९५०एक्स वापरता आणि त्यावर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे रेंडर (दृश्ये तयार करण्याचे जड काम) रात्रभर चालतात, हेही आपण जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते मतभेदाचे मूळ तिथे आहे.

उन्हाळ्याचा मुद्दा रास्त आहे. परदेशी परीक्षणांतली मोजमापे बहुधा २० ते २२ अंशांच्या खोलीत होतात आणि आपण ते आकडे जसेच्या तसे उचलतो. कूलर कोणताही असला तरी तो उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडतो. प्रोसेसर त्या हवेपेक्षा किती अंश वर राहील, एवढेच त्याच्या हाती असते. समजा, एखादा प्रोसेसर पूर्ण भाराखाली हवेपेक्षा ५५ अंश वर राहतो. २२ अंशांच्या खोलीत तो ७७ अंश दाखवील आणि मे महिन्यात दुपारी ३८ अंशांच्या खोलीत ९३. हे वाढीव १६ अंश लिक्विड कूलरलाही चुकत नाहीत, कारण त्याचा रेडिएटरही त्याच खोलीतली हवा ओढतो. त्यामुळे उन्हाळा हे अधिक क्षमतेचा कूलर घेण्याचे कारण होऊ शकते. तो लिक्विडच असावा, असे मात्र त्यावरून ठरत नाही. (खिडकीत डेझर्ट कूलर सुरू असेल, तर प्रोसेसरच्या पंख्याचा आवाज तसाही कोणाला ऐकू येणार नाही, हा भाग वेगळा.)

८५ अंशांना चिपचे आयुष्य जळते, हे आपले म्हणणे मला मान्य नाही. ७९५०एक्सची तापमानमर्यादा ९५ अंश आहे, आणि मोठ्या भाराखाली तिथपर्यंत जाऊन काम करत राहणे हे या मालिकेच्या रचनेतच धरलेले आहे, असे एएमडीने तेव्हाच जाहीर केले होते. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग आवरतो. शिवाय दोन प्रोसेसरांच्या विजेत मोठे अंतर आहे: ७७०० सॉकेटमधून (मदरबोर्डवरच्या त्याच्या बैठकीतून) जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, तर ७९५०एक्स २३० वॉटपर्यंत जातो. त्यातही ही उष्णता मुख्यतः प्रत्येकी सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या चिपलेटांमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपांमधून) बाहेर पडते आणि वरचे धातूचे झाकण बरेच जाड आहे, कारण जुन्या एएम४ सॉकेटचे कूलर नव्या सॉकेटवरही बसावेत म्हणून उंची तीच ठेवावी लागली. उष्णता या अरुंद वाटेतच अडत असल्यामुळे रेडिएटर कितीही वाढवला तरी एका टप्प्यानंतर हाती फारसे काही लागत नाही.

आता डेसिबलविषयी. ते आकडे मी मुद्दामच दिले नव्हते. किती अंतरावरून मोजले हे सांगितल्याशिवाय डेसिबलच्या आकड्याला अर्थ नसतो, आणि उत्पादकांच्या पेट्यांवर ते अंतर क्वचितच छापलेले असते. त्यापेक्षा फेऱ्यांकडे पाहावे. पंख्याच्या बाबतीत एक ढोबळ नियम लागू पडतो: मिनिटाला १५०० फेऱ्या करणारा पंखा १००० वर आणला, तर हवा एक तृतीयांशाने घटते, पण आवाज सुमारे ९ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला तो जवळजवळ निम्मा वाटतो. त्याची किंमत म्हणून तापमान काही अंशांनी वाढते. ७७०० साठी हा सौदा मी डोळे झाकून करीन. तीन पंख्यांच्या रेडिएटरचा खरा फायदाही याच हिशेबात आहे. तीन सारखे पंखे एकापेक्षा सुमारे ५ डेसिबल अधिक आवाज करतात, पण तिघांचा वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला की ती वाढ भरून निघते, आणि हवा तरीही दुपटीहून अधिक मिळते. मात्र पंखे प्रत्यक्षात हळू चालवले तरच हा फायदा पदरात पडतो. कारखान्यातल्या सेटिंगवर सोडले तर नाही.

रायझनचे तापमान ब्राउझरचे एखादे पान उघडले तरी क्षणात दहापंधरा अंशांनी उसळते आणि लगेच खाली येते. प्रत्येक उसळीमागे पंखा धावला, तर एकसारख्या मंद आवाजापेक्षा ही चढउतार जास्त छळते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) फॅन कर्व्ह, म्हणजे तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारा आलेख, ७० अंशांपर्यंत सपाट ठेवावा आणि वेग वाढण्याआधी काही सेकंदांचा विलंब द्यावा. बहुतेक मदरबोर्डांवर ही सोय असते आणि तिला पैसे पडत नाहीत. लिक्विड कूलरमधले द्रव सावकाश तापत असल्याने तो अशा उसळ्या सहज पचवतो, हा त्याचा गुण मी नाकारत नाही. पण त्याच गुणामुळे पाच मिनिटांच्या चाचणीत तो आहे त्याहून सरस दिसतो.

एअर कूलर म्हणजे 'नुसता धातूचा ठोकळा', हे आपले वर्णनही जरा अन्यायाचे आहे. त्याच्या तांब्याच्या हीट पाइपमध्ये कमी दाबाखाली थोडे पाणी असते. तळाशी त्याची वाफ होते, पत्र्यांपाशी ती थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र थरातून परत तळाशी येते. या फेऱ्याला पंप लागत नाही. लिक्विड कूलरमध्ये पंप अखंड चालतो आणि त्याचा बारीक, उंच स्वर शांत खोलीत पंख्याआधी कानाला टोचतो. वर्षानुवर्षे नळ्यांमधून द्रव किंचित किंचित झिरपून कमी होते, आणि बहुतेक मॉडेलांत ते पुन्हा भरता येत नाही. एअर कूलरचा पंखा बिघडला, तर फक्त पंखा बदलावा लागतो.

आपल्या रात्रभराच्या रेंडरसाठी ३६० चा कूलर योग्यच आहे. तो काढा असे मी सुचवणार नाही. पण बायोसमध्ये '१०५ वॉट' नावाचा इको मोड (वीज आवरणारी सेटिंग) एकदा लावून पाहावा. त्यात सॉकेटची मर्यादा २३० वरून १४२ वॉटवर येते आणि वीज ज्या प्रमाणात घटते, त्या मानाने रेंडरचा वेग फारच थोडा घटतो. मग पंप एका ठरावीक वेगावर बांधून टाकावा आणि पंख्यांचा वेग, सोय असेल तर, द्रवाच्या तापमानावर बेतावा. 'मधूनच गुडगुड असा आवाज येतो' असे आपण शेवटी लिहिले आहे, ती बहुधा पंपात शिरलेली हवा असावी. रेडिएटर समोरच्या बाजूला उभा असेल, तर त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच आहे ना, हे आधी पाहावे. नसेल, तर तो कॅबिनेटच्या छताला लावावा.